कंपनीची थैली आणि मालकाचा खिसा

दुकानाच्या पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही अक्षरे रंगवून घेण्याची हौस आता मोठ्या कारखानदारांपुरती राहिलेली नाही. म्हापशाचा मिठाईवाला, फोंड्याचा छापखानदार, वास्कोत जहाजांना माल पुरवणारा ठेकेदार, काणकोणात चार खोल्यांचे अतिथिगृह चालवणारे दोघे भाऊ, अशी मंडळीही आपल्या धंद्याला कंपनीचे रूप देऊ लागली आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही ‘एक व्यक्ती कंपनी’ काढण्याची मुभा दिली. २०१५ च्या दुरुस्तीने खासगी कंपनीचे भरणा झालेले भांडवल निदान एक लाख रुपये असले पाहिजे ही अटही गेली. लहान माणसाला कंपनीचे दार उघडे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु पाटी बदलली म्हणून सवय बदलते असे नाही. गल्ला तोच, खिसा तोच आणि बँकेचे पासबुकही तेच. मग कोणी हटकले की उत्तर ठरलेले असते : “कंपनी माझी, पैसा माझा, वेगळे खाते कशाला?”

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः कंपनी म्हणजे काय, हाच मूळ प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. आमचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो : लहानात लहान मर्यादित कंपनीलाही स्वतःच्या नावाचे स्वतंत्र खाते हवेच. केवळ कायद्याचा बडगा आहे म्हणून नव्हे. ते खाते नसेल, किंवा असूनही व्यवहार मालकाच्या खात्यातून होत असतील, तर कंपनी काढण्याचा सारा खटाटोपच व्यर्थ ठरण्याचा संभव असतो, म्हणून.

एकट्याच्या मालकीचा धंदा आणि कंपनी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. किराणा दुकानाचा मालक आणि त्याचे दुकान ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होय. दुकानाचे देणे ते मालकाचे देणे. दुकान बुडाले तर त्याच्या राहत्या घरापर्यंत जप्ती येऊ शकते. कंपनी मात्र जन्मतःच निराळी व्यक्ती असते. तिचे नाव निराळे, मालमत्ता निराळी, देणे निराळे. हे तत्त्व पक्के करणारा खटला विलायतेत एका जोडे बनवणाऱ्याच्या धंद्यातून उद्भवला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील ॲरन सॉलोमन याने १८९२ साली आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कंपनीचे वीस हजार एक भाग त्याच्याकडे, आणि बायको व पाच मुले यांच्याकडे प्रत्येकी एक. पुढे धंदा बसला. धनको म्हणू लागले की ही कसली कंपनी, हा तर सॉलोमनच. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की कंपनी कायद्याने रीतसर जन्मली असेल तर ती सॉलोमनहून वेगळी व्यक्ती आहे. तिचे देणे त्याच्या अंगावर टाकता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ साली बाचा गुझदर यांच्या खटल्यात नाण्याची दुसरी बाजू सांगितली. चहामळ्यांच्या कंपन्यांत भाग घेतले म्हणजे भागधारक मळ्याचा मालक होत नाही. मळा कंपनीचा, भागधारकाचा हक्क फक्त वाटल्या जाणाऱ्या लाभांशावर.

या दोन निकालांचा एकत्र अर्थ आमच्या मिठाईवाल्याने नीट समजून घ्यावा. कंपनीचे कर्ज त्याचे नाही, हे त्याला हवेहवेसे वाटते. परंतु त्याच न्यायाने कंपनीचा पैसाही त्याचा नाही, हे गैरसोयीचे वाटते. पहिले पाहिजे आणि दुसरे नको, असे चालत नाही. देण्याच्या वेळी “कंपनी वेगळी” आणि घेण्याच्या वेळी “कंपनी म्हणजे मीच”, ही भाषा न्यायासनापुढे टिकत नाही. कंपनीचा बुरखा पांघरून लोकांना फसवण्यात आले, तर तो दूर सारून मागच्या माणसाला जबाबदार धरण्याचा अधिकार न्यायालयांनी राखून ठेवला आहे, आणि दिल्लीच्या स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वापरलाही. लहान कंपन्यांत फसवणुकीचा हेतू बहुधा नसतो, हे आम्ही जाणतो. परंतु प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा दाखवावा लागतो, आणि दोन थैल्या एकत्र ओतल्यावर कोणते नाणे कोणाचे हे त्यालाच सांगता येईनासे होते.

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळू. कंपनी कायद्याच्या ४७० कलमांत ‘प्रत्येक कंपनीने बँकेत खाते उघडावे’ असे साधे वाक्य शोधणाऱ्याच्या हाती बहुधा निराशाच येईल, आणि काही हुशार लोक त्याच पळवाटेवर बोट ठेवतात. परंतु खाते नसेल तर पाऊल पुढे टाकता येऊ नये, अशी रचना कायद्याने चहूबाजूंनी केली आहे. नोव्हेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कलम १० अ नुसार, भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीच्या संचालकाने नोंदणीपासून १८० दिवसांच्या आत असे प्रतिज्ञापन दाखल करावे लागते, की मूळ भागधारकांनी आपापल्या भागांचे पैसे भरले आहेत. त्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज काढता येत नाही. आणि भागांचे पैसे आले याचा पुरावा कोणता? कंपनीच्या बँक खात्याचा उतारा. ही अट चुकवल्यास कंपनीला ५० हजार रुपये आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज एक हजार रुपये, कमाल एक लाखापर्यंत, दंड आहे. निबंधकाला कंपनीचे नाव पटावरून काढून टाकण्याची कारवाईही सुरू करता येते. फेब्रुवारी २०२० पासून तर नोंदणीच्या एकत्रित अर्जातच कंपनीच्या बँक खात्यासाठी अर्ज करणे सक्तीचे झाले आहे. मूल जन्मताच त्याचे नाव दप्तरात चढवावे, तसाच हा प्रकार झाला.

एवढ्यावर कायदा थांबत नाही. कलम १८७ सांगते, की कंपनीची गुंतवणूक, मग ती मालमत्तेत असो वा रोख्यांत, काही ठरावीक अपवाद वगळता कंपनीच्या स्वतःच्या नावानेच असली पाहिजे. लाभांश जाहीर झाला की पाच दिवसांच्या आत ती रक्कम अनुसूचित बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. वस्तू व सेवा कराची नोंदणी झाल्यावर ठरावीक मुदतीत बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो, आणि ते खाते नोंदणी झालेल्या व्यक्तीच्या, अर्थात कंपनीच्याच, नावाचे असावे लागते. उलाढाल कितीही अल्प असली तरी कंपनीला हिशेबतपासणी चुकत नाही. वह्या आठ वर्षे जपून ठेवाव्या लागतात. संचालकाच्या घरगुती पासबुकातून भाजीपाल्याच्या, मुलांच्या शुल्काच्या आणि वीजबिलाच्या नोंदी बाजूला सारत कंपनीचे व्यवहार निवडून काढणे, हे कोणत्याही हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने वाळूतून साखर वेचण्यासारखे आहे.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘वेगळे खाते’ म्हणजे आपल्याच नावाचे दुसरे बचत खाते नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्यापारी कंपनीला बचत खाते उघडताच येत नाही; तिला चालू खाते लागते. त्यावर व्याज मिळत नाही हे खरे, पण ते कंपनीच्या नावाचे असते आणि संचालक मंडळाच्या ठरावाने चालते, हाच त्याचा प्राण. कंपनीच्या नावे आलेला ‘अकाउंट पेयी’ धनादेश संचालकाच्या खात्यात जमा करणे बँकेला वर्ज्य आहे, हे पेढीवर बसणारे जाणतातच. परंतु अलीकडे दुकानाच्या काचेवर चिकटवलेला भ्रमणध्वनीचा चौकोनी ठसा हे नवे छिद्र पडले आहे. पाटी कंपनीची, पावती कंपनीची आणि ठशामागचे खाते मालकाचे किंवा त्याच्या मुलाचे! गिऱ्हाईक बिचारे कंपनीला पैसे दिले अशा समजुतीने निघून जाते. विक्री कंपनीच्या वहीत आणि रक्कम घरच्या पासबुकात. अशा नोंदींचा मेळ वर्षअखेरीस कोण आणि कसा घालणार?

गोमंतकीय वाचकांना या प्रश्नाची आणखी एक बाजू विशेष जिव्हाळ्याची वाटावी. पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली आणि मुक्तीनंतरही आपला कौटुंबिक कायदा तिच्याच पायावर उभा राहिला. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींच्या मालमत्तेत दोघांचा सारखा वाटा असतो. आयकराच्या कायद्यानेही हे मान्य केले असून, या पद्धतीखाली असलेल्या दांपत्याचे पगाराखेरीज अन्य उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे विभागले जाते. याचा अर्थ असा, की येथील विवाहित संचालकाचे ‘स्वतःचे’ खाते हे मुळात एकट्याचे नसतेच. त्यातील अर्धा वाटा गृहिणीचा असतो. कंपनीचे भाग या समाईक मालमत्तेत मोडतील. परंतु कंपनीचा ट्रक, तिची भट्टी, तिचे येणे आणि तिची रोकड मोडणार नाही. ही रेषा टिकवून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे कंपनीचे निराळे खाते.

समजा, दोघे भाऊ आणि त्यांचा एक मित्र यांनी मिळून कंपनी काढली. व्यवहार सोयीचा म्हणून थोरल्या भावाच्या खात्यातून होऊ लागला. आणि एके दिवशी थोरला भाऊ अकस्मात वारला. आता त्याची इन्व्हेंटरी होणार. खात्यातील रक्कम यादीत चढणार, निम्मी विधवेची, उरलेली वारसांची. मित्र म्हणणार, यातील बारा लाख कंपनीचे आहेत. परवाच पर्यटन मंडळींची आगाऊ रक्कम आली होती. वहिनी म्हणणार, माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे ते माझ्या लेकरांचे. दोघेही खोटे बोलत नाहीत आणि दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही. मधल्या काळात स्वयंपाक्याचा पगार थकतो, मासळीवाल्याचे बिल राहते, बँकेचा हप्ता चुकतो. कालपर्यंत एका ताटात जेवणारी माणसे वकिलांच्या ओसरीवर समोरासमोर बसतात. वेगळ्या खात्याने मृत्यू टळत नाही, परंतु मृत्यूनंतरचा हा कलह खचित टळतो. कारण कंपनी मरत नाही. उरलेला संचालक ठराव करतो, बँकेत सह्यांचे नमुने बदलतो आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटते. विधवेला तिच्या नवऱ्याचे भाग आणि त्यांवरचा हक्क निर्वेधपणे मिळतो.

याउलट, वेगळे खाते असूनही त्यात हात घालण्याची सवय जात नाही, हा दुसरा रोग. आपल्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी असे आणि मालकाने घरासाठी घेतलेली रक्कम ‘उचल’ म्हणून त्याच्या नावे लिहिली जाई. एकट्याच्या धंद्यात ही पद्धत बरोबर होती आणि आजही आहे. कंपनीत मात्र ‘उचल’ नावाची वस्तूच नाही. संचालकाला कंपनीकडून पैसा घेण्याच्या वाटा मोजक्या आहेत : कामाचा पगार, भागांवरचा लाभांश, कंपनीला दिलेल्या जागेचे भाडे, कंपनीसाठी पदरचे केलेल्या खर्चाची भरपाई, किंवा पूर्वी कंपनीला दिलेल्या कर्जाची परतफेड. प्रत्येक वाटेला कागद आहे आणि बहुतेक वाटांवर कराचे नाके आहे. या वाटा सोडून घेतलेली रक्कम म्हणजे कंपनीने दिलेले कर्ज ठरते. संचालकांना कर्ज देण्यावर कलम १८५ ची बंधने आहेत. खासगी कंपन्यांना त्यातून मिणारी सवलतही सशर्त आहे. शिवाय दहा टक्के किंवा त्याहून अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला खासगी कंपनीने दिलेली उसनवारी, कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत, आयकराच्या दृष्टीने लाभांशच मानली जाते. “वर्ष संपण्यापूर्वी परत भरले” ही सबब येथे उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच तसा निर्वाळा दिला आहे. मुलीच्या लग्नासाठी चार दिवस वापरलेल्या रकमेवर असा कर भरण्याची पाळी येते, तेव्हा कंपनी ‘माझी’ म्हणण्याची किंमत कळते.

पैसा उलट दिशेने जातो तेव्हाही दक्षता हवी. लहान कंपनीला अडीनडीला संचालकच पैसा पुरवतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती रक्कम भांडवल की कर्ज, हे त्याच दिवशी ठरले पाहिजे. कर्ज असेल, तर ते आपण दुसऱ्याकडून उसने घेऊन दिलेले नाही, असे संचालकाने लेखी कळवावे लागते. एरवी ते ठेव समजले जाण्याचा धोका असतो. रक्कम घरच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात बँकेमार्फत गेली, की साक्षीदार शोधावा लागत नाही. उद्या कंपनी अडचणीत आली, तर संचालकही आपल्या रकमेपुरता धनको म्हणून उभा राहू शकतो. गल्ल्यात नुसता हातरुमाल झटकून टाकलेल्या पैशाला असा आधार कोठून मिळणार?

या शिकवणुकीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला असा, की मर्यादित जबाबदारी हे मृगजळ आहे. बँका संचालकांची वैयक्तिक हमी घेतल्यावाचून लहान कंपनीला दमडी देत नाहीत. हे पुष्कळ अंशी खरे आहे. ज्या कर्जाला हमी दिली, त्या कर्जापुरते संचालकाचे घर पणाला लागतेच. परंतु कंपनीचे सगळे धनको म्हणजे बँक नव्हे. माल पुरवणारे, कंत्राटदार, नुकसानभरपाई मागणारे गिऱ्हाईक यांना तशी हमी दिलेली नसते. त्यांच्या बाबतीत कंपनीची भिंत शाबूत असते. ती आपणच आपल्या हातांनी पाडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चालू खात्याला व्याज नाही, किमान शिल्लक मात्र मोठी. ती घसरली की दंड. शिवाय खाते उघडताना कागदांचा ढीग आणि वारंवार ओळख पटवण्याचा ससेमिरा. महिन्याकाठी चार पावत्या फाडणाऱ्या कंपनीला हा भार जाचतो, याबद्दल दुमत नाही. आणि येथे आम्ही केवळ व्यापाऱ्यांना उपदेश करून थांबणार नाही. जी वस्तू कायद्याने अपरिहार्य केली, ती लहान माणसाच्या आवाक्यात ठेवणे हे बँकांचे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. गरिबांसाठी शून्य शिलकीचे बचत खाते निघू शकते, तर लहान कंपनीसाठी मोजक्या व्यवहारांचे, अल्प शिलकीचे चालू खाते सर्वत्र का मिळू नये? शाखाधिकाऱ्यांनीही लहान कंपनीचा अर्ज आठवडेच्या आठवडे टेबलावर पडू न देता एकाच भेटीत कागदांची पूर्ण यादी द्यावी. सक्ती आणि अडवणूक एकत्र आली, की माणूस पळवाट शोधतो. मग दोष एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही.

खात्याच्या पारड्यात आणखी एक लाभ टाकावयाचा राहिला. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० साली आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ साली रद्द झाला, तेव्हा ठेव विम्याची पाच लाखांची मर्यादा म्हणजे काय हे अनेक गोमंतकीय घरांना नव्याने उमगले. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराला असते. कंपनी आणि तिचा संचालक हे दोन निराळे ठेवीदार होत. दोघांच्या रकमा आपापल्या नावे असतील तर प्रत्येकाला ते संरक्षण स्वतंत्रपणे मिळते. दोन्ही रकमा एकाच नावाखाली लोटल्या, तर संरक्षणही एकच.

यास्तव आमची सूचना साधी आहे. कंपनी नोंदवली त्याच आठवड्यात खाते चालू करून घ्यावे. शक्य तेथे दोन सह्या ठेवाव्यात, म्हणजे एकमेकांवर अविश्वास नव्हे तर एकमेकांना साक्ष राहते. काचेवरचा ठसा कंपनीच्या खात्याचाच लावावा. संचालकाने आपला पगार ठरवून तो ठरलेल्या तारखेला घ्यावा आणि एरवी त्या खात्याकडे परक्याच्या खात्याकडे पाहावे तसे पाहावे. चुकून घरचा खर्च त्यातून झालाच, तर त्याच दिवशी भरून काढून वहीत कारण लिहावे. जे आजवर एकाच पासबुकावर कारभार रेटीत आले आहेत, त्यांनी आपल्या सनदी लेखापालाकडून जुन्या नोंदी निवडून घ्याव्यात; विलंब जितका अधिक, तितका गुंता अधिक.

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी म्हण आहे. हिशेबाच्या बाबतीत डोळे मिटून दळणारे आमच्याकडे कमी नाहीत. पीठ कोणी खाल्ले याचा शोध मग त्यांच्या मुलाबाळांना घ्यावा लागतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपले व्यापारी वह्यांवर हळदकुंकू वाहतात ते उगाच नव्हे. नोंद हीच व्यापाऱ्याची अब्रू, ही त्यामागची श्रद्धा आहे. कंपनीचे निराळे खाते म्हणजे याच श्रद्धेने धारण केलेले आजचे रूप होय. जो आपल्या कंपनीला परकी मानावयास शिकतो, त्याच्याच हाती ती टिकते.